हनुवटीचं लाकूड

पक्कडच्या घरात भांडणं यायची आणि पाहुण्यांसारखी दोन दिवस राहून जायची. ताऱ्याचं भांडण तेवढं कायमचं मुक्कामाला होतं. आईबाबांच्या लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात ते आलं. आता दोघांचे केस पिकले, लेकीला लेक झाली, तरी ते आपलं जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलेलंच.

पक्कड हे काही तिचं खरं नाव नव्हे. तान्ही असताना बाबांनी तिला वेधशाळेत नेलं होतं. तिथे तिनं मोठ्या दुर्बिणीचा एक पितळी दांडा मुठीत धरला तो काही केल्या सोडेना. तेव्हापासून ती पक्कड. पुढे त्याच वेधशाळेत ती उपकरणांची देखभाल करायला लागली. खरं नाव आता फक्त सही करताना आठवायचं.

तर तो तारा. नुसत्या डोळ्यांना तो एकच ठिपका दिसे. मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं की एकाचे दोन व्हायचे: एक पिवळा, ठसठशीत, आणि त्याच्या कुशीत एक बारका तांबूस. बारका पिवळ्याभोवती फिरतो, पण इतका सावकाश, की एका फेरीला माणसाचं आयुष्य खर्ची पडावं.

ही फेरी मोजायचं काम पक्कडच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ऐन तारुण्यात अंगावर घेतलं. दुर्बिणीच्या डोळा लावायच्या टोकाला एक पितळी डबी असे. तिचं नाव मायक्रोमीटर. आत कोळ्याच्या जाळ्यातले धागे ताणून बसवलेले, कारण त्याहून बारीक आणि चिवट धागा माणसाला विणता आला नव्हता. डबी फिरवायची, एक धागा दोन्ही ताऱ्यांच्या बरोबर मधून जाईल असा आणायचा, आणि कडेच्या गोल चकतीवर अंश वाचायचे. घड्याळाचा काटा कुठे आहे ते वाचावं, तसं. आजोबांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चकतीवर एकशे सदतीस होते.

त्यानंतर बारका फिरत राहिला आणि माणसं मोजत राहिली. आधी आजोबा, मग आई, आणि आईशी लग्न करून बाबा. बाबा दुसऱ्या वेधशाळेतून शिकून आले होते. त्यांना वाटे आपली पद्धत जास्त चोख. आईला वाटे, वडिलांची पद्धत ती पद्धत. एकाच संध्याकाळी, एकाच दुर्बिणीतून, एकच तारा पाहायचा, आणि दोघांच्या आकड्यांत दोन अंशांचा फरक! आईचा आकडा नेहमी पुढे, बाबांचा मागे.

इतकी वर्षं या भांडणानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण आता मायक्रोमीटर निवृत्त होणार होता. त्याचं काम कॅमेरे कधीच करायला लागले होते, आणि उद्या सकाळी त्याला न्यायला संग्रहालयाची गाडी येणार होती. संग्रहालयाच्या बाईंनी मोठ्या हौसेनं विचारलं होतं, "खाली पाटीवर लिहू ना? एक उपकरण, एक घर, ताऱ्याची एक अख्खी फेरी?"

"लिहा," आई म्हणाली होती.

"थांबा," बाबा म्हणाले होते.

कारण आईच्या मोजणीनं बारका एकशे सदतीसवर परत आला होता. म्हणजे निघाला तिथे पोचला, घरी आला. आणि बाबांच्या मोजणीनं तो अजून एकशे पस्तीसवर होता. फेरीच्या या टप्प्यात त्याची चाल सगळ्यात मंद, वर्षाकाठी दोनच अंश; म्हणजे घर अजून एक वर्ष लांब. गाडी उद्याची.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा नातीला हेच समजावून सांगत होते. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती उभी असली तरी कुठून तरी हलत असे. बाबांनी जुन्या कोटाची दोन बटणं टेबलावर ठेवली होती.

"हे मोठं पिवळ्या. हा बारक्या. बारक्या इथून निघाला, असा, असा, असा फिरला... आणि आता इथे आहे."

"मग आलाच की घरी," भिंगरी म्हणाली.

"आला नाही. फाटकाशी आहे. दार अजून पुढे आहे."

स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली आणि तिनं बोटानं बारकं बटण हलकेच पुढे सरकवलं. "आला."

"अगं, बटण सरकवलं म्हणून तारा सरकतो का?"

"तुमच्या डोळ्यांसाठी तारा थांबतो का?"

"मी खोट्या पाटीवर सही करणार नाही. सांगून ठेवतो."

"नका करू. माझ्या बाबांनी सुरू केलेली फेरी त्यांच्याच मायक्रोमीटरवर पुरी झाली, एवढंच मला हवं होतं. त्यात तुमचं काय जातं?" एवढं म्हणताना आईचा आवाज थोडा ओला झाला, आणि ती पटकन वळून भिंतीवरची तसबीर सारखी करायला लागली.

सारखी म्हणजे तिरकी. या घरातल्या सगळ्या तसबिरी तिरक्या होत्या. ताऱ्याची मोजणी सुरू करायच्या आधीच आजोबा घुमटातल्या शिडीवरून पडले होते. तेव्हापासून त्यांची मान कायम किंचित डावीकडे कललेली, आणि ते जी तसबीर टांगत ती त्यांच्या मानेला शोभेल अशीच टांगली जाई. बाबा येता-जाता त्या सरळ करत. आई येता-जाता त्या पुन्हा तिरक्या करत. या कामात दोघांनाही थकवा म्हणून माहीत नव्हता.

पक्कड हे सगळं ऐकत होती. आईचा ओला आवाज तिच्या मनाला लागला. पण बाबांचंही बरोबर होतं. जे झालं नाही ते पितळेवर कोरायचं कसं? तिनं आपल्या धंद्यातला विचार केला. दोन फूटपट्ट्या वेगवेगळं बोलायला लागल्या तर भांडत बसायचं नसतं, तिसऱ्या खात्रीच्या मापाशी दोन्ही लावून बघायच्या असतात.

"उठा दोघं," ती म्हणाली. "आज तुमची परीक्षा."

वेधशाळेत ग्रंथालयाबाहेर एक लांबलचक व्हरांडा होता. त्याच्या एका टोकाला पक्कडनं काळा पुठ्ठा उभा केला आणि त्याला सुईनं दोन भोकं पाडली, एक मोठं, एक बारीक. मागे दिवा लावला. झाला जोडतारा! दिवेलागणीला आकाशात तो जसा कललेला दिसतो, साधारण तसाच तिनं ओळंबा लावून पुठ्ठा कलता केला. त्याचा कोन तिला तंतोतंत ठाऊक होता. तो आकडा तिनं भिंगरीच्या तळहातावर शाईनं लिहिला आणि म्हणाली, "मूठ मिट. मी सांगेपर्यंत उघडायची नाही."

"कुणी लाच दिली तर?" भिंगरीनं विचारलं.

"तुझ्या आजोबांकडून लाच घे आणि मूठ उघडू नकोस," पक्कड बाबांकडे बघत म्हणाली.

दुसऱ्या टोकाला सरावाची छोटी दुर्बीण होती. तिला पक्कडनं खरा मायक्रोमीटर लावला. डबीच्या खाली दोन फिरकीच्या स्क्रूंवर एक लाकडी पट्टी बसवलेली होती, हनुवटी टेकवायला. पहिल्या मोजणीआधी आजोबांनी ती स्वतः कोरली होती, आणि इतक्या वर्षांच्या टेकण्यानं ती गुळगुळीत झाली होती.

आधी आई बसली. हनुवटी लाकडावर टेकवली, डोळा लावला, धागा फिरवून थांबली. "घे." पक्कडनं चकती वाचली, पण मोठ्यानं सांगितलं नाही. असं सहा-सात वेळा झालं.

मग बाबा आले. बसायच्या आधीच त्यांनी स्क्रू सोडवून पट्टी काढली आणि पक्कडच्या हातात दिली.

"बाबा, एकदा तरी टेकवून बघा."

"मी काय न्हाव्याकडे आलोय, हनुवटी वर करून बसायला?" ते म्हणाले. हे वाक्य ते लग्नापासून म्हणत आले होते. मग ते उजव्या खांद्यावर रेलून बसले आणि त्यांनीही सहा-सात वेळा धागा लावला.

"उघड मूठ," पक्कड म्हणाली.

भिंगरीनं मूठ उघडली. आकडा घामानं थोडा पसरला होता, पण वाचता येत होता. पक्कडनं हिशेब केला आणि तिला हसू आवरेना.

"आई, तू दर वेळी एक अंश पुढे वाचतेस. बाबा, तुम्ही दर वेळी एक अंश मागे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे आम्ही दोघंही चुकलो?" बाबांनी विचारलं.

"दोघंही. अगदी सारखे आणि उलट्या दिशांना. तुम्ही उजवीकडे मान टाकता, आई डावीकडे. मान कलली की डोळ्याला धागाही कललेला वाटतो. पूर्वीच्या लोकांना हे चांगलं माहीत होतं, म्हणून तर ते डोकं सरळ ठेवायला सांगायचे."

बाबा आधी गोरेमोरे झाले, मग खो खो हसत सुटले. "ऐकलंस का? इतकी वर्षं आपण एकमेकांना वाकड्यात शिरू नका म्हणतोय, आणि दोघं वाकडेच बसलोय!"

आई हसली नाही. तिनं मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी कधीच उरकली होती. "म्हणजे खरा आकडा मधला. एकशे छत्तीस," ती म्हणाली. "म्हणजे तो घरी आलेला नाही."

 बाबांचं हसू विरलं. जिंकल्यासारखं बोलायची ही संधी त्यांना कित्येक वर्षांनी मिळाली होती, पण ते पुढे झाले आणि म्हणाले, "अगं, एकच तर अंश. अंगणात आलाय."

"अंगण म्हणजे घर नव्हे. तुम्हीच म्हणता ना," आई म्हणाली, आणि भिंगरीचा हात धुवायला तिला घेऊन गेली. लेकराचा हात धुताना आपले डोळेही धुता येतात.

पक्कड मायक्रोमीटर उचलून आपल्या खोलीत आली. संध्याकाळी शेवटचं माप घ्यायचं होतंच. आकडा कुठलाही येवो. उद्या जायची आहे तर डबी नीट पुसून घ्यावी, म्हणून तिनं ती टेबलावर ठेवली. सपाटी तपासायचा एक जाड लोखंडी पाट तिथे होता. त्याच्यावर तिनं हनुवटीचं लाकूड ठेवलं आणि सवयीनं वर पाणसळ ठेवली. पाणसळीतला बुडबुडा एका बाजूला पळाला.

'लाकूड वाकलंय,' तिला वाटलं. इतकी वर्षं, हवा, ओलावा, वाकायचंच. आणि हेच आईला तिरकं बसवतंय! इतकी साधी गोष्ट, आणि तिनं कधी तपासली नव्हती. पितळेचा प्रत्येक तुकडा तिनं शंभरदा तपासला, पण हे लाकूड म्हणजे आजोबांची आठवण, त्याला कोण पाणसळ लावतं? तिला स्वतःचाच राग आला. निदान संग्रहालयात तरी सरळ जाऊ दे, म्हणून तिनं रंधा काढला, लाकूड शिकंज्यात धरलं, आणि पहिला हात मारायच्या आधी लाकडातल्या रेषा कुठल्या दिशेला आहेत ते पाहायला दिवा जवळ ओढला.

रेषा सरळ होत्या.

ती थबकली. लाकूड वाकतं तेव्हा त्याच्या अंगच्या रेषाही वाकतात. इथे कडेला रेषा वहीच्या ओळींसारख्या सरळ चालल्या होत्या, आणि वरचा उतार त्यांना तिरका कापत गेला होता. हे लाकूड वाकलंच नव्हतं. ते असंच कोरलेलं होतं. आजोबांनी चाकूनं, आपल्या हातानं, आपल्या कललेल्या मानेच्या मापानं ते कोरलं होतं, आपण एकदम सरळ बसलोय अशा खात्रीनं. जशी तसबीर, तशीच हनुवटी.

पक्कडनं रंधा बाजूला ठेवला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय करायला निघालो होतो. 

आई वडिलांच्या लाकडावर हनुवटी टेकवते. म्हणजे वडील जितके कलत तितकीच कलते. आई एक अंश पुढे वाचत असेल तर...

ती डबी आणि लाकूड उचलून धावत सुटली. घुमटात आईबाबा आणि भिंगरी आधीच पोचले होते. घुमटाची झडप उघडी होती, बाहेर आकाश अजून निळं होतं. गडद काळोखात पिवळ्याची चमक बारक्याला गिळून टाकते, म्हणून हा जोडतारा दिवेलागणीच्या उजेडातच मोजायचा असा शिरस्ता होता. भिंगरी वर-खाली होणाऱ्या लाकडी जमिनीचं बटण दाबून सगळ्यांना उगाच वर नेत होती.

"खाली आण!" पक्कड ओरडली. "आई, आजोबांनीही एक अंश पुढेच वाचलं होतं!"

जमीन सावकाश खाली आली, आणि तिच्यावर उभे असलेले तिघंही तोंड उघडं टाकून.

पक्कडनं लाकूड पुढे केलं आणि सगळं सांगितलं. धाप लागल्यामुळे अर्धं सांगितलं, अर्धं हातवाऱ्यांनी. मग भिंगरीला समजावं म्हणून पुन्हा सांगितलं: "हे बघ, समज तुझी उंची पणजोबांनी मोजली, आणि त्यांची पट्टी खोटी होती. आज आजीनं त्याच खोट्या पट्टीनं मोजली. उंचीचा आकडा दोन्ही वेळा चुकीचाच आला. पण तू वाढलीस की नाही, ते बरोबर कळेल ना?"

"कळेल," भिंगरी म्हणाली. "दोन्ही आकडे सारखे आले तर मी वाढलेच नाही."

"तसंच. आजोबांना एकशे सदतीस दिसला तेव्हा तो खरा एकशे छत्तीसवर होता. आणि आजही तो..."

"एकशे छत्तीसवर आहे," बाबांनी वाक्य पुरं केलं. ते लाकडाकडे बघत होते. "म्हणजे घरी आला."

आईनं तोंडाला पदर लावला. "खात्री आहे?" तिनं विचारलं, लेकीला नाही, नवऱ्याला.

"नाही," बाबा म्हणाले. आईचा चेहरा पडायच्या आत त्यांनी लेकीच्या हातातून डबी घेऊन दुर्बिणीला लावली, लाकूड आपल्या हातांनी तिच्याखाली बसवलं, दोन्ही स्क्रू आवळले आणि खुर्चीवर बसले. "खात्री करून घेतो. मी उजवीकडे कलतो म्हणून माझा आकडा मागे येतो ना? आज बसतो सासरेबुवांच्या मानेनं. त्यांचाच आकडा आला तर लाकूड खरं बोलतंय."

आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बाबांनी हनुवटी त्या लाकडावर टेकवली. मान डावीकडे कलली. पक्कडनं दुर्बीण ताऱ्यावर आणली.

"दिसतोय?" आईनं विचारलं.

"उं."

"धागा दिसतोय का?"

"उं हूं... उं."

हनुवटी टेकली की जबडा हलत नाही, आणि जबडा हलला की धागा सुटतो. आईच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "अगं बाई," ती म्हणाली, "यांना बोलता येत नाहीये! हे लाकूड मी घरी का नाही नेलं कधी?"

बाबांचे खांदे हसण्यानं गदगदले. "हवूव नका," ते हनुवटी न उचलता म्हणाले.

"काय म्हणतात?" भिंगरीनं विचारलं.

"हसवू नका म्हणतात. हसव."

शेवटी कसेबसे सगळे गप्प झाले. आकाशाचा निळा रंग गडद होत होता. बाबांच्या बोटांखाली डबी केसभर फिरली, थांबली, पुन्हा केसभर. त्यांनी हात वर केला. पक्कडनं भिंग धरून चकती वाचली. आकडा वहीत टिपला. बाबांनी धागा मुद्दाम हलवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. पुन्हा हात वर. पुन्हा. चौथ्या वेळेनंतर पक्कडला राहवेना.

"एकशे सदतीस," ती म्हणाली. "चारही वेळा. एकदा किंचित वर, एकदा किंचित खाली, पण एकशे सदतीस."

भिंगरीनं अशी किंकाळी फोडली की घुमटानं ती दोनदा परत दिली.  आई नवऱ्याच्या मागे गेली आणि तिनं त्यांच्या कललेल्या मानेवर हात ठेवला.

"उठा आता. मलाही बघू दे."

"उं हूं," बाबा म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

"अहो!"

"सासरेबुवांनी शेवटी मानगूट धरलंच माझं," बाबा उठत म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी चष्म्याचं निमित्त केलं, पण चष्मा तर खिशात होता. "पाटी लिहा म्हणावं. सही करतो. पण एका अटीवर. हे लाकूडही डबीबरोबर गेलं पाहिजे, असंच तिरकं. कुणी सरळ करायला गेलं तर सगळी फेरी खोटी पडेल."

पक्कडनं मान हलवली. रंध्याची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. पुढे कधीतरी सांगेल, हसण्यासारखी झाली की.

आई लाकडावर हनुवटी टेकवून बसली आणि बराच वेळ त्या दोन ठिपक्यांकडे पाहत राहिली, तिच्या जन्माआधी निघालेल्या आणि आज परत आलेल्या. काही मोजायचं नव्हतं. मग भिंगरीची पाळी आली. तिला दोन तारे दिसेपर्यंत जमीन चार वेळा वर-खाली करावी लागली, आणि ते गरजेचं होतं की नाही याची कुणी चौकशी केली नाही.

घरी आल्यावर आई पानं घ्यायला लागली. बाबा चपला काढून आत आले आणि भिंतीवरच्या पहिल्या तसबिरीशी थांबले. हात सवयीनं वर गेला. मग त्यांनी तो खाली घेतला, खिशात घातला, मान हळूच डावीकडे कलवली आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"सरळ आहे की," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" आईनं आतून विचारलं.

"काही नाही. वाढ."